शून्यालाही वायर लागते

कल्याणला गाडी लागली तेव्हा आईने माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "तिकडे जाऊन कुणाशी भांडत बसू नकोस." पप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीतून थेट आले होते, अंगावर कंपनीचाच शर्ट. ते म्हणाले, "भांड. पण जेवून भांड."

गाडी हलली. मी रडले नाही, मला राग आला होता. चिप बनवण्याच्या कामाला हात लावायचा तर बुवापाड्यातली खोली, आई-पप्पा, गल्ली, सगळं सोडून बेंगळुरू गाठायचं, हे ठरवलं कुणी?

बुवापाड्यात, शहाडला, बदलापूर गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखी बॅग उचलून निघालेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय.

इथे माझं काम चुका शोधण्याचं. चिप कारखान्यात जाण्याआधी तिचं डिझाइन तपासायचं. भाजीवाल्याला आता "स्वल्प कम्मी माडी", जरा कमी करा, असं कन्नडात म्हणता येतं. मसालेभातात नारळ जरा जास्त पडतो. बाकी ठीक चाललंय. पण परवा मीटिंगमध्ये नव्या मुलांच्या अर्जांचा विषय निघाला, आणि आमचा मॅनेजर हसत म्हणाला, "असल्या गावाकडच्या कॉलेजांतली पोरं म्हणजे झीरो. बेसिकसुद्धा येत नाही." मी काय बोलले ते सांगते, पण आधी त्या झीरोची गोष्ट.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला डिजिटल लॉजिक आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर होतं. विषय देखणा. सगळा कॉम्प्युटर शेवटी शून्य आणि एक यांवर चालतो, आणि त्या दोघांची बेरीज करणारं सर्किट दोन छोट्या आयसींवर, म्हणजे तयार चिपांवर, उभं राहतं. आमच्या कॉलेजात ते फळ्यावर उभं राहायचं. लॅब होती, कुलपात. किट्सवर प्लास्टिकची कव्हरं. तपासणीची कमिटी आली की दारात रांगोळी, कव्हरं खाली, दिवे चालू. कमिटी गेली की पुन्हा कुलूप. रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवायची, सही मिळवायची. फी मात्र लॅबचीसुद्धा घेत होते.

मी पत्रक काढलं: "आम्हाला उतरवायचं नाही, जोडायचं आहे." प्रिन्सिपलनी बोलावून घेतलं. म्हणाले, "किट्स महाग आहेत. तुम्हाला हाताळता येतात हे दाखवा. माझ्यासमोर एक सर्किट चालवा, लॅब उघडतो. नाही चाललं तर पत्रक मागे आणि लेखी माफी."

बदलापूर गावातला हर्षद माझा पार्टनर. त्याच्या घरी अजून भातशेती आहे. तो मला चिडवायचा, "ए पत्रकबाई, छापायला लय सोपं असतं गो." दोघं मिळून उल्हासनगरच्या बाजारात गेलो. रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या सिंधी काकांनी आयसी काढून दिल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "माल एकदम चालू है, बेटी. चलाने वाला चालू है क्या?"

प्रिन्सिपलच्या ऑफिसात टेबलावर ब्रेडबोर्ड ठेवला, वायरी खोचून सर्किट जोडायची भोकांची पट्टी. बेरजेचं सर्किट, दोन छोटे दिवे: एक एककाचा, एक दोनाचा. एक अधिक एक. दोनाचा दिवा लागला. हर्षदने माझ्या पायावर पाय दिला, म्हणजे जमलं! प्रिन्सिपल म्हणाले, "आता शून्य अधिक शून्य करा." आम्ही दोन्ही इनपुटच्या वायरी उपटून बाजूला ठेवल्या. शून्य म्हणजे काही नाही, त्याला वायर कशाला? जर्नलमध्ये वर्षभर तसंच तर लिहीत होतो.

दोनाचा दिवा तसाच जळत राहिला.

"वा!" प्रिन्सिपल म्हणाले. "शून्यात शून्य मिळवून दोन. हे पण छापा पत्रकात."

हा विषय शिकवणाऱ्या आमच्या मॅडम मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पिन मोकळी सोडली की ती शून्य होत नाही. या आयसीत ती एक धरली जाते. शून्य हवं असेल तर तेही वायरने ग्राउंडला, बॅटरीच्या उणे टोकाला, जोडावं लागतं."

माझे कान तापले. मग तोंड उघडलं. "सर, हे लॅबमध्ये पहिल्याच दिवशी कळतं. आम्हाला वर्षभरात कळलं नाही. तुमच्या कुलपाचा याहून मोठा पुरावा काय देऊ? माफी लिहिणार नाही."

सरांनी मानलं नाही. मग आम्ही ब्रेडबोर्ड घेऊन लॅबच्या बंद दारासमोर जिन्यावर बसू लागलो. मधल्या सुट्टीत रोज. शून्याला वायर लावली, दिवा विझला, आणि विझलेला दिवा बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्युनियर बसू लागले. मॅडमही येऊन पायरीवर बसल्या. प्रिन्सिपलना त्यांना ओलांडून जावं लागायचं. शेवटी किल्ली आली, आठवड्यातून एका दुपारपुरती. तेवढीच मिळाली. ती दुपार अजून चालू आहे.

हर्षद तिथेच लॅब असिस्टंट आहे, कंत्राटावर. गणपतीत घरी गेले तेव्हा तो पहिलं प्रॅक्टिकल घेत होता. सिलॅबसमध्ये नसलेलं. आधी पिन मोकळी सोडायला लावतो, शून्य अधिक शून्य दोन होऊ देतो. एका मुलीने मला विचारलं, "ताई, शून्याला पण वायर लागते?" म्हटलं, "त्यालाच लागते."

निघून आल्यावर मला हे जास्त कळलं. इथे मी मोकळीच पिन होते. ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं वाटायचं. मुंबईची का, असं विचारलं की हो म्हणून टाकावंसं वाटायचं. घर म्हणजे मला आता ती ग्राउंडची वायर. तिच्यामुळे माझं शून्य शून्य राहतं आणि एक एक.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, "ती पोरं झीरो नाहीत. त्यांना कुणी जोडलेलं नाही. मी त्यातल्याच एका कॉलेजातली आहे. अर्ज बाजूला टाकू नका, ब्रेडबोर्ड हातात द्या आणि मग बोला." मॅनेजरने गठ्ठा माझ्याकडे सरकवला. अर्ज आता माझ्या टेबलावर आहेत.

संध्याकाळी घरी फोन लावला. माझा आवाज ऐकूनच आई म्हणाली, "भांडलीस ना?"

मागून पप्पा ओरडले, "आधी विचार, जेवली होती का?"