बांगड्या काढून ठेवायची नोकरी

दादा माघात गेला. उन्हाळा संपता संपता वहिनीला नोकरी लागली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दादा जिथे खेळण्यांचे साचे बनवायचा त्याच्या शेजारच्याच इमारतीत. साच्यांचे गाळे एकेक करून बंद पडले. आता तिथे चार्जर, सेन्सर, कसली कसली सर्किटं बनतात आणि आमच्या सेक्टरमधल्या कितीतरी घरांतून सकाळी बाईच डबा घेऊन बाहेर पडते. उद्योगांच्या या बदलाबद्दल मी वाचनालयातल्या मासिकांत पुष्कळ वाचलं होतं. आमच्या घरात तो शिरला तेव्हा मात्र भांडण झालं.

वहिनीची कंपनी कानातल्या श्रवणयंत्रांसाठी इवलीशी सर्किटं बनवते. धुळीचा कण, किंवा आपल्याला जाणवणारही नाही अशी अंगातल्या विजेची ठिणगी, एवढ्यानेही ती निकामी होतात. म्हणून आत जाताना बांगड्या, मंगळसूत्र, टिकली, पावडर, सगळं काढायचं.

हे ऐकून आई भाकरी थापायची थांबली.

दादाला न्यायच्या आधी गावाहून आलेल्या बायका वहिनीच्या बांगड्यांना हात घालायला पुढे झाल्या होत्या. तेव्हा, मुलगा समोर तसा असताना, आई आडवी उभी राहिली. "माझो झील गेलो. हिचे हात कित्याक उघडे करतास?" बायका मागे सरल्या. दोन घरांनी मात्र त्यानंतर आमच्याकडे येणं सोडलं. वहिनीच्या हातात बांगड्या राहिल्या, कपाळावर टिकलीही.

"सोयऱ्यांका जा करूक दिलंय नाय, ता आता कंपनी करतली?" आई म्हणाली.

"आई, तिथे सगळ्याच काढतात," वहिनी म्हणाली.

"सगळ्यांचे घोव जिते आसत."

मी कंगव्याचं आणि कागदाच्या कपट्यांचं उदाहरण देऊन ठिणगी समजावायला गेलो. "तू गप रव रे. तुझी वीज तुझ्या पुस्तकात."

वहिनी आईला सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी ती सावकाश, एकेक शब्द निवडल्यासारखी बोलली. "तुम्ही माझी टिकली राखलीत, ते मी जन्मात विसरणार नाही. पण इथल्या बायका आधी माझ्या कपाळाकडे बघतात, मग माझ्याशी बोलतात. कुणी हळहळतं, कुणी नाक मुरडतं. तिथे कुणी बघतच नाही हो. तेवढे तास मला बरं वाटतं."

आईने पुन्हा भाकरी थापायला घेतली. दुसऱ्या दिवशी चहा देताना मला म्हणाली, "माका दाखव ती कंपनी."

शनिवारी घरच्यांना काचेबाहेरून बघू देतात. आत पांढरे झगे, टोप्या, मास्क. टोपी आणि मास्कच्या मध्ये डोळे आणि कपाळाची पट्टी तेवढी दिसत होती. आईने एका बाईला हात केला. तिने गोंधळून हात हलवला.

"ती नाही, आजी. तुमची तिकडे, त्या पलीकडच्या रांगेत," आम्हाला दाखवणारी मुलगी म्हणाली. तिच्या हातांवर लग्नाची मेंदी ताजी होती, मनगटं मोकळी.

"तुझो चुडो खंय गो?"

"लॉकरमध्ये. सासूबाई रोज ओरडतात."

"ओरडूक दी तिका," आई म्हणाली.

वहिनी सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. एरवी तिच्याकडे बघितलं की मला दादा आठवतो. तिथे काही वेळ तो आठवला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

चहाच्या सुट्टीत ती बाहेर आली. आईला बघताच लगबगीने लॉकर उघडून बांगड्यांची पिशवी सोडायला लागली. आईने तिचा हात धरला.

"रवांदे. परत आत जाऊचा आसा मा तुका?"