पट्ट्याचं तेल, तुरीचं तेल

११ मार्च १९७४. सकाळची भांडी उरकली आणि मी पट्टा व रिव्हॉल्व्हरचं कव्हर साफ करायला घेतलं. ठाण्यातले लोक त्याला होल्स्टर म्हणत, आमच्या घरी ते कव्हरच. आमचे हे फौजदार होते. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे साहेब तपासणीला यायचे होते आणि एरवी हे काम करणारा शिपाई लग्नासाठी कमलनगरला गेला होता.

सासूबाई चामडं उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, म्हणून मी अंगणात बाजेवर बसले. आधी कोरड्या फडक्यानं धूळ काढायची, मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं घामाचे पांढरे डाग. बक्कल चिंचेनं घासायचं, पण मागे पुठ्ठा धरून. चिंचेचं पाणी कातड्याला लागलं तर डाग पडतो आणि तो निघत नाही. सावलीत सुकलं की करडीचं कोमट तेल, बोटानं, अगदी थोडं. तेल जास्त झालं तर कव्हर ढिलं पडतं आणि रिव्हॉल्व्हर आत खुळखुळतं. पॉलिश सगळ्यात शेवटी.

त्याच दिवशी सासूबाईंनी तूर भरडायला काढली होती. आमच्या भागात तुरीला तेल चोळून ऊन दाखवतात आणि मग ती जात्यावर भरडतात. घरात तेलाची वाटी एकच. त्यांची तूर आदल्या दिवशीच चोळून झाली होती, उरलेलं तेल मी पट्ट्यासाठी घेतलं. तूर अंगणात, बाजेशेजारीच, धोतरावर पसरली होती.

रिव्हॉल्व्हर ठाण्यात कुलपात होतं. पट्ट्याच्या कप्प्यातल्या सहा गोळ्या मात्र तशाच घरी आल्या होत्या. यांनी त्या काढून बाजेवरच्या सुपात ठेवल्या. सुपात तळाला थोडी तूर होतीच.

"ह्यांना हात लावू नको. मी ठाण्यात जाऊन आलोच," म्हणाले आणि गेले.

तेल लावून झाल्यावर मी पट्टा आणि कव्हर घेऊन परसात लिंबाखाली टांगायला गेले. कातडं उन्हात ठेवलं की तडकतं. दोरी सैल होती, ती ओढून बांधली. परत अंगणात आले तर धोतर गुंडाळून ठेवलेलं आणि सूप रिकामं.

सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सुपात काय आहे ते त्यांना दिसलं नसणार. तूर म्हणून सगळं एकत्र पाटीत ओतून त्या आत घेऊन गेल्या होत्या. आतून जात्याची घरघर ऐकू येत होती.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर दचकून त्यांनी खुंटा ओढला असता. दारात जाऊन उभी राहिले.

"आत्या, हात थांबवा."

"कामून? मी दमले न्हाई अजून."

"थांबवा म्हणते न्हवं."

"आगं, जातं अडायलंय. खडा आलाय मधी. एक हिसका दिला की फुटतंय बघ." आणि त्यांनी दोन्ही हातांनी खुंटा धरला.

मी जाऊन त्यांची मनगटं धरली. त्या चिडल्या. सुनेनं सासूचे हात धरायची आमच्याकडे रीत नाही. मी सांगितलं, तो खडा नाही, गोळी आहे. त्यांनी खुंटा सोडला आणि बसल्या जागीच मागे सरकत भिंतीला टेकल्या.

जात्यात गोळी फुटते की नाही हे मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. पण वरचा दगड उचलल्याशिवाय ती निघणार नव्हती आणि तो दगड एकटीला उचलत नव्हता. "तुम्ही बाहेर जा, मी शेजारणीला बोलावते," म्हटलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकीला कशाला मारतीस? धर तिकडून." दगड सरळ वर उचलायचा होता, जरासुद्धा घासू न देता. माझे हात तेलकट होते. ते मी पदराला पुसले, पुन्हा पुसले. मग उचलला.

गोळी मधल्या खिळ्याजवळ, तुरीच्या दाण्यांत आडवी पडली होती. पितळेवर एक लांब ओरखडा. बाकीच्या पाच पाटीतली तूर चाळल्यावर सापडल्या.

हे आले तेव्हा गोळ्या मी बाजेवर ओळीनं मांडल्या होत्या. यांनी ओरखड्याची गोळी उचलली आणि ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"ही विहिरीत टाकतो," म्हणाले. "हरवली म्हणून सांगतो."

"हरवलेली गोळी कुणाच्या हातात गेली, असं विचारतील. मग काय सांगाल? उद्या साहेबांनी विचारायच्या आधी तुम्हीच दाखवा."

"काय म्हणून दाखवू? आईनं जात्यात घातली म्हणून?"

"व्हय," दारातून सासूबाई म्हणाल्या. "म्हणावं, म्हातारी आंधळी हाय. अन् तिचा ल्योक बी."

कुणी हसलं नाही. त्या दिवशी कुणी धड जेवलंही नाही. नोकरी गेली तर सरकारी घर जाणार. यांच्या वाट्याला शेती नव्हती आणि माझ्या माहेरी, खटकचिंचोळीला, आधीच तीन भाऊ एका रानावर होते. मी पॉलिश करायला बसले. पट्टा चमकेपर्यंत घासला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढचं सांगून टाकते. यांनी गोळी दाखवली. साहेबांनी ती ठेवून घेतली आणि सगळ्यांसमोर यांना बोल बोल बोलले. गोळ्या घरी नेल्या यावरून बोलले, जात्यावरून नाही. नोकरी राहिली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काही मला ठाऊक नव्हतं. हे पट्टा बांधून गेले. पाटीत तूर तशीच पडली होती. तेल लावलेली तूर फार दिवस ठेवता येत नाही. सासूबाईंना मी शेजारी जाऊन बसा म्हटलं, तर त्या जाईनात. शेवटी हाताला धरून पोचवून आले. दार लावलं. सहाच्या सहा गोळ्या सापडल्या होत्या, तरी सगळी तूर पुन्हा चाळली आणि ताटात पसरून बोटांनी चाचपली. मग एक मूठ जात्यात वैरली, खुंटा धरला आणि पहिला फेरा तोंड बाजूला करून ओढला.