पळसाची पहिली पत्रावळ

मुलांनो, आमच्या नंदनवन वस्तीतल्या शेजारणीला कुठलंही पान नुसतं पाहून पुढे जाता येत नाही. फिरायला निघालो की ती पावलोपावली वाकते. रस्त्याकडेचा तरोटा भाजीला, कडुनिंबाची काडी दाताला, सिंदीची पानं झाडूला. "चल ना," मी म्हणते. "थांब न वं, हे का उद्या राहणार हाये?" म्हणत ती पदर भरते.

मागच्या महिन्यात तापानंतर तुमच्या आजोबांनी जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, आज जेवले नाहीत तर भरती करावं लागेल. दुपारी ती पळसाची पानं आणि बांबूच्या काड्या घेऊन आली, आणि त्यांच्या पलंगाजवळ बसून पत्रावळ टाचू लागली. एरवी तिचा हात किती सफाईदार, पण त्या दिवशी पानांत बोटभर फटी. आजोबांना राहवेना.

"अहो, अशानं वरण गळेल. द्या इकडे."

त्यांनी एक पत्रावळ पुरी केली.

"आता जेवा," ती म्हणाली. "आमच्यात पहिली पत्रावळ ज्यानं टाचली त्यानंच त्यात जेवाचं असते. नाही तं पळस रुसते."

"झाड कधी रुसतं का?"

"तुम्ही नाही का रुसून राहिले?"

ते हसले, आणि सावकाश वरणभात जेवले.

दारात मी तिला हळूच विचारलं, "अशी रीत खरंच आहे?"

"आजपासून हाये. घे ह्या काड्या. तू तरी कालपासून कुठं जेवली वं?"