बाळूची पेटी कोण गार करतं?

साप गारठलाय, या कारणासाठी आमच्या सँडीफोर्डच्या ऑफिसात रजा मिळत नाही. मी विचारून पाहिलंय.

साप आमच्या लेकीचा, इराचा. नाव बाळू. (बिनविषारी! हे आईला नागपूरहून निघण्याआधी फोनवर तीनदा सांगितलं, तरी ती घरात बूट घालूनच वावरायची.) डब्लिनचा हिवाळा, म्हणून काचेच्या पेटीच्या अर्ध्या भागाखाली हीट मॅट, आणि ती जास्त तापून बाळू भाजू नये म्हणून थर्मोस्टॅट. जोडणी मी स्वतः केली. इंजिनियर आहे शेवटी!

संध्याकाळी बघतो तर पेटी गार. बाळूनं उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ही विल डाय, बाबा!" इरा रडकुंडीला आली.

"काही होत नाही! मी आहे ना!"

थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या दिवशी तेच. मॅट बदलली. तेच!

"बाळंतिणीसारखी शेगडी ठेव ना खाली," आईनं दारातूनच सुचवलं. बायकोनं गरम पाण्याची पिशवी पुढे केली. मी पेटीत बल्ब टांगायला निघालो, तर इरा आडवी आली. "नो वे! ही'ल गेट बर्न्ड!" खरं होतं तिचं. साप उघड्या बल्बला वेटोळं घालतो आणि पोळून घेतो. पण आता मी हटणार नव्हतो. प्रश्न बाळूच्या जिवाचा होता (आणि थोडा माझ्या डिग्रीचा).

शनिवारी दिवसभर पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो. अर्ध्या अर्ध्या तासाला तापमान बघितलं. तीस, तीस, तीस! सोमवारी ऑफिसातून आलो, पुन्हा गार. म्हणजे माझ्या माघारी कुणीतरी बंद करत होतं. दिवसभर घरात असतं कोण?

"आई, इराच्या खोलीतली बटणं तू बंद करतेस?"

"मी? अरे बाप्पा, मी त्या खोलीत पाऊल नाही ठेवत!" आई भयंकर चिडली. "उद्या पाहतेच मी, कोण करते तं!"

मंगळवारी सकाळी निघण्याआधी मी रोजच्यासारखी घरभर फेरी मारली. गॅस बंद. इस्त्री बंद. पाण्याचं इमर्शन बंद (ते चालू राहिलं तर आयर्लंडमध्ये शेजारीसुद्धा माफ करत नाहीत). इराच्या खोलीतलं बटण, खट्!

"सापडला!" दारात आई, कमरेवर हात.

बाळूची मॅट आणि इराचा कॉम्प्युटर एकाच बटणावर. इरा शाळेतून माझ्या जेमतेम आधी यायची आणि कॉम्प्युटरसाठी ते चालू करायची. त्यामुळे मी पोचेपर्यंत बटण चालू आणि पेटी गार!

"लहानपणी बटणं बंद कर म्हणून घसा फोडला, तेव्हा एकदा नाही ऐकलं," आई म्हणाली. "आणि आता ऐकतोस?"

गुरुवारी बाळूनं उंदीर गिळला. त्या बटणावर आता चिकटपट्टी आहे, वर कागद. इरानं मराठी लिहायला शिकावं म्हणून मी तीन वर्षं जिवाचं रान केलं, पोरगी ढिम्म हलली नाही. आजीपुढे बसून तिनं एका संध्याकाळीच पहिले दोन शब्द गिरवले: 'बाबा, नको!'