मनधरणी नऊ

मधाचं बोट लावणाऱ्या माणसांची मला किळस येते. राग नव्हे, किळस. राग निदान जेवल्यावर उतरतो.

आमच्या चष्म्यांच्या दुकानात असा एक काउंटरवर बसतो. त्याला आम्ही मधबोट म्हणतो. "मॅडम, ही फ्रेम तुमचीच वाट बघत होती हो," हे तो एकाच फ्रेमबद्दल दिवसातून वीसदा सांगतो आणि चांगली शिकलेली माणसं पाघळतात. बिस्किटं खाऊन चिकट झालेल्या बोटांनी काचा हाताळतो. ते ठसे पुसतो मी, कारण डोळे तपासायचं काम माझं. आणि मागच्या खोलीत, मशीनच्या घरघरीत, काचा घासून फ्रेमच्या मापाला आणतो तो माझा मेहुणा. काचा घासतो म्हणून घासू. शाळेत ढ होता, असं त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, सांगते.

घासू बोलताना अडखळतो. इतर अक्षरांवर थोडा, 'म'वर फार. म्हणून तो 'म'ला वळसा घालून जगतो. 'माप'ला 'साइज' म्हणतो, 'मला'ऐवजी 'आपल्याला', आणि मंगळवारी यायचं असेल तर 'सोमवारच्या दुसऱ्या दिवशी' सुद्धा न म्हणता (त्यातही 'म' आहेच) 'परवा' म्हणून मोकळा होतो. राहतो आमच्याकडेच, वरच्या खोलीत.

रविवारी दुपारी दुकान बंद झालं की डोळे तपासायच्या खोलीत आम्ही चौघं एक खेळ खेळतो. चौथा शेजारचा औषधवाला. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. त्याचे गुण कागदावर आकड्यांत लिहिलेले असतात. मी सूत्रधार; गोष्ट मी सांगतो, आणि काही अवघड करायचं असेल तर खेळणाऱ्यानं वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला आकडा मिळवायचा; बेरीज मोठी आली की जमलं. घासूला मीच आणला. बायको म्हणाली होती, "चार माणसांत बसेल, तोंड तरी उघडेल."

त्यानं पात्र कोणतं घ्यावं? राजदूत! कागदावर 'मनधरणी: नऊ'. एवढा मोठा आकडा टेबलावर कुणाचाच नव्हता. मधबोट झाला कुऱ्हाडवाला: ताकद आठ, मनधरणी उणे एक. फ्रेमचं खोकं जिन्यावरून आणताना हा गडी दोनदा खाली बसतो, ते सोडा.

दीड वर्ष सुरळीत गेलं. कुणाला पटवायची वेळ आली की घासू त्या नऊवर बोट ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचो, तो फासा टाकायचा, आणि दूत काय बोलला ते मी सांगायचो. ते ऐकताना त्याचे ओठ हलायचे. घरी गेल्यावर बहिणीला सांगायचा, "ताई, आज राजाला पटवलं."

हे मधबोटच्या डोळ्यांत खुपलं. एकदा मला गाठून म्हणाला, "सर, दार फोडायला ताकद लागते, फासा ठीक आहे. पण बोलायला काय लागतं? जीभच ना? नुसतं बोट ठेवून कुणी पटतं का? आणि भलं त्याचंच आहे, सर. तुमच्याशिवाय कोण करणार त्याचं?" माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. मला पटलं. सांगायला लाज वाटते, पण पटलं. मी नियम केला: आधी बोलायचं, मग फासा. कुऱ्हाडवाल्यानंही आधी उठून भिंतीला लाथ घालावी, हे काही मला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी निघताना बायकोनं मला दारात थांबवलं. "आठ दिवस न्हाणीघरात नळ सोडून 'म' घोकतोय तो. आज त्याला बोलू द्या हं."

खेळात मी किल्लेदार होतो. चाळीस माणसं माझ्या कैदेत, आणि दूत त्यांना सोडवायला आलेला. "का सोडू?" मी दरडावून विचारलं.

घासू चक्क उभा राहिला. हातात चष्म्याचा नंबर लिहायचा कागद, त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात भाषण. "किल्लेदारसाहेब," तो म्हणाला. स्वच्छ. मग "म..." म्हणाला आणि अडकला. "म... म..." मानेची शीर फुगली. औषधवाला बुटाची नाडी बघू लागला. मी थांबायला हवं होतं. मी घड्याळाकडे बघितलं.

तेवढ्यात मधबोट पुढे झुकला. "साहेब, चाळीस तोंडं रोज पोसताय तुम्ही! आज सोडा, उद्या हेच लोक तुमचे गोडवे गातील. तुमच्यासारख्या दिलदार माणसाला हे आम्ही सांगायचं?"

तोच सूर, फ्रेम विकायचा. आणि मी पाघळलो. किल्लेदार नव्हे, मीच. टाळ्या वाजवल्या. "वा! याला फासा कशाला? उघडला दरवाजा!" औषधवाल्यानंही वाजवल्या. उणे एकचा माणूस, आणि मी त्याच्याकडे फासासुद्धा मागितला नाही. माझाच नियम, आठ दिवसांचा.

घासू अजून उभाच होता. जिभेची गाठ तेव्हा सुटली.

"म... मनधरणी नऊ," तो म्हणाला. दीड वर्षात पहिल्यांदा, अख्खा शब्द. "फासा टाकू, दाजी?"

"आता कशाला?" मी म्हणालो. "काम झालं ना."

त्यानं फासा उचलला. काचा पुसायच्या फडक्यानं त्याच्या वीसही बाजू पुसल्या आणि डबीत ठेवला. "आपल्याला जरा घाई आहे," म्हणाला आणि गेला. मधबोट बिस्किटांचा दुसरा पुडा फोडत होता. त्याच्याकडे बघून मला किळस आली, पण खरं सांगतो, ती त्याची नव्हती.

घरी पोचलो तर बायको जिन्याच्या पायरीवर बसलेली. "सरळ वर गेला हो, जेवलाही नाही. बोलला का?"

"बोलला."

"'म' बोलला?"

"अख्खा शब्द बोलला. मनधरणी."

ती ताडकन उठली. "अगंबाई! मग? मग तुम्ही काय म्हणालात?"

"अगं, मी काय म्हणणार?" मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "टाळ्या वाजवल्या आम्ही."

तिला पटलं.