काळी चिंधी कधी येणार?

शिवणखात्यात तिला सगळ्या कात्री म्हणतात. हातातल्या कात्रीमुळे नव्हे हो, तोंडामुळे! कुठल्याही कामातली खोट तिला सगळ्यांच्या आधी दिसते. तोच तर तिचा रुबाब. नवी सुपरवायझर आपणच होणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. आणि मालकीणबाईंनी मीटिंग चालवायला दिली कुणाला? तिच्या धाकट्या जावेला! जिला हिनंच इथं चिकटवलं, मशीनमध्ये दोरा ओवायला शिकवलं, तिला! कात्रीचा नुसता जळफळाट.

भानगड होती दवाखान्याच्या गाऊनची. धुलाईत नाड्या मुळापासून उपटून येत होत्या. सगळा माल परत.

धाकटीनं रंगीत चिंध्या मांडल्या. "पांढरी ठेवली की जे दिसलं तेवढंच सांगायचं. लाल, मनाला काय वाटतं. पिवळी, फायदा. काळी, खोट. हिरवी, नवी युक्ती. एका वेळी सगळ्यांनी एकाच रंगाचं बोलायचं."

"भातुकलीच की गं," कात्री पुटपुटली.

धाकटीनं सुचवलं होतं, नाडीवर दुहेरी शिलाई मारावी. कात्रीला खोट तिथल्या तिथे दिसली.

"अगं, पण..."

"ताई, अजून पांढरीच आहे."

मग लाल आली. "अगं, मी काय म्हणते..."

"ताई, मनात काय आहे ते सांगा."

"मनातलं?" जावेच्या नव्या चष्म्याकडे बघत ती म्हणाली, "ते नकोच विचारूस बाई!"

सगळ्या खो-खो हसल्या. पिवळीला तर तिनं ओठच शिवून घेतले.

अखेर काळी आली. कात्री घसा खाकरते न खाकरते तोच इस्त्रीवाली म्हणाली, "दोन शिलायांनी त्या पातळ कापडाची चाळण होईल." लगेच बटणवाली, "मग नाडीबरोबर कापडही फाटून येईल."

घ्या! इतका वेळ तोंडात धरलेला घास दुसऱ्याच खाऊन मोकळ्या.

हिरवी ठेवली. सगळ्या चिडीचूप. कात्री तडकली, "आता का दातखीळ बसली? नाडी वेगळी जोडताच कशाला? गळ्याची पट्टीच लांब कापा, दोन्ही टोकं मोकळी सोडा. तीच नाडी. उपटून येईल कुठून?"

मालकीणबाई खूश. "हेच करायचं!" आणि वळल्या धाकटीकडे, "कसं बोलतं केलंस गं सगळ्यांना! उद्यापासून सुपरवायझर तूच."

कात्रीचा चेहरा काय सांगू!

"ताई, युक्ती तुमचीच हं," धाकटी हळूच म्हणाली.

"माहितीये."

आवरताना काळी चिंधी काही सापडेना. धाकटी टेबलाखाली वाकली, तेव्हा कात्रीनं मूठ उघडून दाखवली आणि पुन्हा घट्ट मिटली.

"ही राहील माझ्यापाशी. आता पुढच्या वेळी काढा खोट, माझ्या आधी!"