कुंकवाने अडकलेली तलवार

अगं चित्रे, फोन नीट कानाशी धर आणि मावशीचं जरा ऐकून घे. "माझा तो हातातला जुना व्हिडिओ गेम भंगारात देऊन टाक," असं मागच्या फोनवर किती सहज म्हणालीस गं! सुट्टीत इथे आलीस की दिवसभर त्यालाच चिकटलेली असायचीस, जेवायला बोलावून माझा घसा बसायचा.

यंदा खंडेनवमीला अवजारं पुजताना मी तो कोयता-कात्रीशेजारी पाटावर मांडला. त्यातल्या वीराकडे तलवार आहे, म्हणजे तेही शस्त्रच की! पण वाहिलेलं कुंकू फटीत गेलं आणि तलवारीचं बटणच अडकून बसलं. आता सेल घातले की तुझा वीर चालतो, बोलतो, पण वार काही करत नाही. वेशीबाहेर राक्षस आहेत, म्हणून मी त्याला खेळातल्या गावातच फिरवते.

तिथे चुलीपाशी एक म्हातारी आहे. कधीही जा, ती तेच म्हणते, "दमलास, बस जरा." तूच मला वाचून दाखवायचीस. तिच्यापाशी बसलं की त्याची शक्ती पुन्हा भरते. तेव्हा मला वाटायचं, लढाईच्या खेळात हिचं काय काम? आता वाटतं, कुणीतरी एका जागी बसून राहतं, म्हणून लढणाऱ्याला परत यायला जागा असते. पण वीर आला नाही, तर ती दिवसभर काय करते, हे तिला कुणी विचारत नाही.

बटण दुरुस्त करणारा इथे मिळेल गं. तू मात्र दिवाळीची वाट बघू नकोस, येत्या रविवारीच ये.